फुटका सायलेन्सर आणि मागच्या बाकावरची माणसे



या पानावर आजवर बेणे, खोडवा, पाचट, हुमणी अशाच गोष्टी आल्या. यावेळी आम्ही गाडीच्या सायलेन्सरवर लिहीत आहोत हे पाहून कोणी म्हणेल, शेतकी खात्याने गॅरेज कधी काढले? पण आपल्या कार्यक्षेत्रात एक फेरी मारली तर दर दोन-चार वस्त्यांमागे एक जुनी डिझेल जीप दिसते. ती दुधाचे कॅन नेते, खताची पोती आणते, लग्नाला वऱ्हाड नेते आणि हंगामात तोडणीची माणसेही वाहते. तिचे इंजिन दणकट असते, पण खालचा धुराचा पाइप मात्र कुजलेला असतो. "आवाज करतेय जरा, चालायचंच," असे म्हणून आपण ती तशीच हाकतो. आम्हीही तेच म्हणत होतो. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो आणि मग उपाय.

जव्हारच्या वाटेवर

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. श्रावण चालू होता आणि गाळपासाठी तोडणीच्या टोळ्या ठरवायच्या होत्या. आपल्याकडे पेठ-हरसूल बाजूच्या टोळ्या आहेतच. त्यांच्याच ओळखीने मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरचा मुकादम दहा कोयते द्यायला तयार झाला. मोखाडा आणि जव्हार हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. डोंगरउतारावर नागली-वरई आणि खाचरात भात. पावसाळी पीक घरात आले की पुढे हाताला काम राहत नाही. मग घरेच्या घरे कुलूप लावून बाहेर पडतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी नाशिककडच्या मळ्यांत.

आमच्या दिमतीला कारखान्याची जुनी डिझेल जीप होती. वर ताडपत्रीचे हूड, मागे समोरासमोर दोन बाक. आमचे ड्रायव्हर नाना यांनी महिनाभर आधीच सांगितले होते, "साहेब, सायलेन्सरच्या आधीचा पाइप फुटलाय. वरचा जॉइंटपण फुंकतोय." आम्ही म्हणालो, "चालतंय ना नाना? मग हंगामाआधी सगळं काम एकदमच काढू." नानांनी भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला आणि वरून तार आवळली. कागदपत्रे पूर्ण, पीयूसी ताजी, गाडी रस्त्यावर. आमचे समाधान झाले.

त्र्यंबकेश्वर सोडले आणि तोरंगण घाटात पावसाने गाठले. पाड्यावर बोलणी व्यवस्थित झाली. उचल बँकेत जमा करायची होती, म्हणून मुकादमाला जव्हारला खात्याचे काम होते. त्याची कारभारीण आणि दीड वर्षाची मुलगी बाजारासाठी बरोबर निघाली. पुढे नाना आणि आम्ही. मागे आमच्या गट ऑफिसचा क्लार्क, मुकादम, ती माउली आणि तिच्या मांडीवर मूल. पाऊस आत येऊ नये म्हणून आम्ही पुढच्या काचा गच्च लावल्या. मागच्या माणसांना वारा मिळावा म्हणून पाठीमागची ताडपत्री अर्धी गुंडाळून वर बांधली. आपल्या हिशेबाने आम्ही शहाणपणाच केला होता. प्रत्यक्षात त्याहून वाईट काही करता आले नसते. ते का, हे पुढे येईलच.

वळणांचा रस्ता, खड्डे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची चाल. क्लार्क म्हणाला, डोके ठणकतेय. आम्ही म्हणालो, घाट लागला असेल. मूल झोपी गेले. चला, बरे झाले, रडत नाही. जव्हार जवळ आले तेव्हा मागून त्या माउलीचा आवाज आला, "साहेब, थांबवा. पोर उठत नाय."

नानांनी गाडी कडेला घेतली. मुलीला भर पावसात बाहेर आणले. मान टाकलेली होती. चेहऱ्यावर पाणी पडले, वारा लागला, तशी काही वेळाने तिने डोळे उघडले आणि भडाभडा ओकली. क्लार्क खाली उतरला तो लटपटत रस्त्याच्या कडेलाच बसला. तेथून उघड्या काचांनी थेट जव्हारचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीत धूर येत होता का?" आम्ही गप्प. मुलीला ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतले. सकाळी ती बिस्किट खात आईच्या कडेवर होती, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. परत सोडतो म्हटले, तर मुकादम हात जोडून म्हणाला, "नको साहेब. आम्ही यष्टीनं जातो." त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

धूर आत आला कसा?

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. त्यामुळे श्वास चालू राहतो, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. लहान मूल झपाट्याने श्वास घेते, म्हणून त्याला लवकर लागतो. डिझेल गाडीत हा वायू पेट्रोल गाडीपेक्षा कमी निघतो हे खरे. परंतु हुडाखालच्या बंद जागेत, तासभर, फुटक्या पाइपाच्या वरच बसले तर 'कमी' हा शब्द कामाचा नाही. शिवाय काजळी आणि डोळे-घसा जाळणारे इतर वायू असतातच. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आहे.

आता ताडपत्रीचे. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते. रस्त्यावरची धूळ नेहमी गाडीच्या मागच्या बाजूलाच येऊन चिकटते, ती त्यामुळेच. पुढच्या काचा बंद आणि मागचा पडदा उघडा असला की त्या पोकळीत घोटाळणारा धूर उलटा आत ओढला जातो. म्हणजे आम्ही वारा म्हणून जो दिला तो धूर होता. पुढून हवा घ्यावी आणि मागे बंद ठेवावे, ही खरी रीत. पण हा झाला घरी पोचण्यापुरता मार्ग. दुरुस्तीला पर्याय नाही.

आणि पीयूसी? ते यंत्र नळी लावते गाडीच्या शेपटीला. मध्येच कोठे पाइप फुटला आहे, हे त्या कागदावर येत नाही. तेव्हा पीयूसी आहे म्हणजे पाइप धड आहे, असे समजू नये.

पाइप कुजतो कशाने?

आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण ती एक ओळ असते. इंजिनाला चिकटलेला बिडाचा मॅनिफोल्ड, त्याखाली उतरता पाइप, मग सायलेन्सरचा डबा आणि शेवटी शेपटीचा पाइप. सांध्यांत गॅस्केट आणि सगळे वजन पेलायला रबराचे हँगर.

एक लीटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लीटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पल्ल्याला चालली तर पाइप तापून ते उडून जाते. गाडी घर ते मळा, मळा ते डेअरी एवढीच फिरली, तर ते पाणी डब्यात साचते. डिझेलमधील गंधकामुळे त्याला आंबटपणा येतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-सहाच्या इंधनात ते दहा लाखांत जास्तीत जास्त दहा भाग इतके खाली आले आहे. पण पाणी आहे तेथे गंज आहेच. काही डब्यांना तळाशी मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते, ते पाणी गळण्यासाठीच. ते फुटले आहे असे समजून वेल्डिंगने बुजवू नका.

दुसरे कारण त्याहून साधे. जव्हारच्या मिस्त्रीने गोणपाटावर आडवे होऊन खालूनच सांगितले, "साहेब, तुमचा पाइप नंतर फुटला. आधी रबर तुटलं." हँगरचे रबर तुटले की पाइप झोके खातो, त्याचा सगळा भार वरच्या सांध्यावर येतो, गॅस्केट उडते आणि चीर पडते. इंजिनाचे माउंटिंग बसले असेल तरी हेच होते. रबर न बदलता नुसता पाइप जोडला, तर वर्षाच्या आत पुन्हा तेच दुखणे.

फूट शोधावी कशी?

१. सकाळी गाडी थंड असताना सुरू करा. इंजिनाजवळ टिकटिक किंवा फटफट ऐकू येते आणि गाडी तापल्यावर ती कमी होते, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट संशयित. तापल्यावर लोखंड फुगते आणि फट बुजते, म्हणून आवाज कमी होतो. दुखणे गेलेले नसते.

२. सांध्यांवर बॅटरी मारून पाहा. जेथून धूर फुंकतो तेथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो.

३. एकाने ओल्या गोणपाटाची जाड घडी शेपटीच्या तोंडावर क्षणभर धरावी, दुसऱ्याने ऐकावे. फुटीच्या जागी 'फुस्स' येतोच. हे काम थंड गाडीवर, उघड्या जागेत करावे. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून कधीही करू नये.

४. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. विटा फुटतात. लाकडाचे जाड ठोकळे लावा, चाकांना उटी लावा आणि मगच आत शिरा.

ठिगळ की नवा पाइप?

आमच्या पाइपावरचा डब्याचा पत्रा काढून मिस्त्रीने भोकाच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो पापडात जावा तसा आत गेला. वीतभर पुढे दाबला, तेथेही गेला. म्हणाला, "हे ठिगळ लावण्याजोगं लुगडं राहिलं नाही." तेच सूत्र सभासदांनी ध्यानात ठेवावे. भोकाच्या चारी बाजूंचा पत्रा टणक असेल तर ठिगळ लावा. पत्रा दबत असेल तर पाइप बदला. कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. मिस्त्री एक भोक बुजवतो आणि शेजारी दुसरे पडते.

सांध्याचे गॅस्केट उडाले असेल तर काम थोडक्यात होते. मात्र जुने गॅस्केट खरवडताना ते ओले करून खरवडा. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. दोन्ही तोंडे सपाट आहेत का ते पट्टी लावून पाहा. स्टड आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवा. घाईत पिळले की तुटतात आणि पाच रुपयांच्या नटापायी दिवस जातो. मॅनिफोल्डचे नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत न्यावेत. गाडी एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा पाना लावावा.

मॅनिफोल्डलाच चीर असेल तर सावध. बीड हे साध्या लोखंडासारखे वेल्ड होत नाही. ते आधी तापवावे लागते, निकेलचा रॉड लागतो आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करावे लागते. हे जाणणारा कारागीर असेल तरच करा. नाही तर चांगल्या स्थितीतला जुना किंवा नवा मॅनिफोल्ड बसवणे स्वस्त पडते.

डब्याच्या आत खळखळ वाजत असेल तर आतले पडदे सुटलेले आहेत. बाहेरून कितीही डागले तरी उपयोग नाही, डबाच बदला. बाजारात मिळणारी पट्टी किंवा लुकणासारखा मसाला शेपटीच्या बाजूला काही दिवस चालतो. माणसे बसतात त्या भागाखाली आणि इंजिनाजवळ तो फक्त गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता समजावा.

आमच्या काही हिकमती सभासदांनी पाइपलाइनचा उरलेला जस्ताचा पाइप कापून धुराच्या पाइपाच्या जागी लावलेला आम्ही पाहिला आहे. कृपा करून असे करू नका. जस्त चढवलेल्या पाइपावर वेल्डिंग केले की जस्ताची वाफ निघते आणि वेल्डिंग करणाऱ्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय त्याचा व्यास वेगळा असतो. मूळ मापापेक्षा अरुंद पाइप लावला तर धूर तुंबतो, इंजिन तापते आणि डिझेल जास्त पिते. पाण्याच्या पाटात मध्येच अरुंद मोरी टाकली तर काय होते ते आपल्याला सांगायला नको.

डबा काढून सरळ नळी लावायची हौसही नको. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रॅक्टरसह प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा आहे. बीएस-चार आणि त्यापुढच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा डबा आणि काही सेन्सरही असतात. तो डबा पोकळ करून देतो असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी. वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावावी. डिझेलची नळी आणि वायरिंग बाजूला करून ओल्या पोत्याने झाकावे. जवळ पाणी आणि वाळूची बादली ठेवावी.

पाचटाचा धोका

एक गोष्ट खास ऊसवाल्यांसाठी. तोड चालू असलेल्या फडात जीप किंवा ट्रॅक्टर नेताना खाली कोरडे पाचट असते. धड पाइपसुद्धा चांगलाच तापलेला असतो. फुटक्या पाइपातून तर गरम झोत थेट खाली पाचटावर येतो आणि कधी काजळीची ठिणगीही. एका उभ्या गाडीपायी फड पेटला तर जळीत उसाची कपात आणि शेजाऱ्याशी वैर दोन्ही पदरात पडतात. पाचटावर गाडी उभी करू नका. बांधावर मोकळ्या जागी उभी करा.

एवढे कराच

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपली जीप, पिकअप, ट्रॅक्टर एकदा खालून पाहावा. गळती निघाली तर दुरुस्ती होईपर्यंत मागे माणसे बसवू नयेत. टोळीची माणसे ताडपत्रीखाली, बायका-मुलांसह, थंडीच्या रात्री वाहिली जातात. त्यांच्यातला कोणी "डोके दुखते" म्हणाला तर घाट लागला असे समजू नका. गाडी थांबवा, सर्वांना मोकळ्या हवेत काढा आणि शुद्ध हरपत असेल तर विनाविलंब दवाखाना गाठा. झोपलेले मूल एकदा हलवून पाहा.

जव्हारहून परतताना मागे कोणीही नव्हते, पुढच्या काचा सताड उघड्या होत्या आणि आम्ही दोघे चिंब भिजलो. मिस्त्रीने तात्पुरते गॅस्केट आणि नवी रबरे लावून दिली होती. दुसऱ्या दिवशी नाशिकहून पाइप आणि डबा आणून बसवला. एका दिवसात काम झाले. त्या एका दिवसासाठी आम्ही महिना काढला होता.

टोळी ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर आली, दहाही कोयते आले आणि काम चोख झाले. ती मुलगी आता कोप्यांपुढे पळत असते आणि आम्हाला पाहून हसते. पण तिच्या आईला कोठे सोडायचे म्हटले तर ती अजूनही आधी जीपच्या मागे जाते, वाकून पाइपाकडे पाहते आणि मगच मुलीला आत चढवते. तिला कोणी शिकवले नाही. सभासद बंधूंनो, तेवढे वाकणे आपणही शिकू या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग